ड्रॉवर आधी, टेबल नंतर: साठवणीची सोय असलेलं साइड टेबल घरी करताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पलंगाशेजारी ठेवायला टेबल करायचं आहे, वर एक ड्रॉवर आणि खाली पुस्तकांसाठी उघडा कप्पा हवा. हाताशी ड्रिल, हातात धरायचं सर्क्युलर सॉ, एक हातकरवत आणि चार क्लॅम्प आहेत. आजवर भिंतीवरच्या एका शेल्फापलीकडे काही केलेलं नाही. प्लाय घ्यावा की लाकूड, जोड कोणते द्यावेत, आणि शेवटी जरा बिचकतच, ‘ड्रॉवर मला जमेल का?’

हा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. जमेल. नवशिका माणूस टेबल आधी उभं करतो आणि उरलेल्या जागेत ड्रॉवर कोंबायला बघतो, तिथे फसतं. पेटी दोन मिलिमीटर तिरकी असली तर टेबल म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. त्याच पेटीत ड्रॉवर घातला की तो अर्ध्यावर अडतो, किंवा बंद केल्यावर एकीकडे फट दिसते आणि दुसरीकडे कड घासते. म्हणून मी असल्या टेबलाकडे ड्रॉवरभोवती बांधलेली पेटी म्हणूनच बघतो. माप ड्रॉवरचं आधी, चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी) आधी, मग पेटी.

उंची ठरवताना टेप जमिनीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंत लावा. गादीवर कुणाला तरी बसवून एकदा पुन्हा मोजा, कारण बसल्यावर ती दबते. टेबलाचा माथा या दोन मापांच्या मध्ये कुठेतरी आला की झोपेत चाचपडणारा हात पाण्याच्या भांड्यावर आदळत नाही. मी पुढच्या हिशेबासाठी एकूण उंची ५५० मि.मी., रुंदी ४५० आणि खोली ४०० धरतोय. तुमची गादी उंच असेल तर फरक पायांमध्ये घ्या, पेटीची मापं तशीच राहू द्या.

आता प्लाय की लाकूड. पेटीसाठी प्लाय, यावर मी फारसा वाद घालत नाही. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो हवेतल्या दमटपणाने जवळजवळ हलत, म्हणजे फुगत-आकसत, नाही. सलग लाकूड हलतं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने नगण्य, पण रेषांना आडवं चांगलंच: ४०० मि.मी. रुंदीची फळी कोरड्या आणि दमट दिवसांत मिळून २ ते ४ मि.मी. कमी-जास्त होऊ शकते. ड्रॉवरभोवती आपण एक-एक मिलिमीटरचा हिशेब करणार, तिथे हे परवडत नाही. पाय लाकडाचे करा, हौस असेल तर माथाही लाकडाचा करा, त्याबद्दल पुढे येतोच. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) आणि पार्टिकल बोर्ड टाळा. रंगाला एमडीएफ छान असतो, पण त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, आणि आपल्या टेबलाचा निम्मा भार कडेतल्या जोडांवरच आहे.

प्लाय आणला की पहिलं काम त्याची खरी जाडी मोजणं. ‘अठराचा’ प्लाय पुष्कळदा १७.५ भरतो, कधी त्याहून कमी. वर्निअर (बारीक जाडी मोजायचं साधन) नसेल तर चार तुकडे एकावर एक दाबून मोजा आणि चाराने भागा. अर्ध्या मिलिमीटरचं काय एवढं, असं वाटेल. बाहेरची रुंदी ४५० आणि दोन्ही बाजू १८ च्या असतील तर आतली जागा ४१४. त्याच बाजू १७.५ च्या निघाल्या तर ४१५. ड्रॉवरचं चॅनल हा एक मिलिमीटर ओळखतं.

मी खाली मापं पूर्ण १८ धरून देतोय, तुमच्या जाडीप्रमाणे बदला. पेटीची उंची ४००, त्याखाली १५० चे पाय. माथा ४५० × ४००, तो दोन्ही बाजूंच्या डोक्यावर बसतो. दोन बाजू प्रत्येकी ३८२ उंच आणि ३९४ खोल. तळ आणि मधली फळी, दोन्ही ४१४ × ३९४, बाजूंच्या मध्ये. पाठ ६ मि.मी. प्लायची, ४५० × ३८२, मागून सरळ वर लावायची. तिची ६ मि.मी. जाडी आणि बाजूंचे ३९४ मिळून ४०० होतात आणि माथा पाठीची कड झाकतो. आत ड्रॉवरसाठी १२० उंचीची जागा सोडा, म्हणजे खाली कप्प्याला २२६ उरतात. हा आकडा मी मुद्दाम धरलाय: नेहमीच्या आकाराचं पुस्तक, साधारण २१५ मि.मी. उंचीचं, त्यात उभं राहतं. कप्पा २०० चा केला असता तर पुस्तकं कायमची आडवी पडली असती आणि सगळ्यात खालचं हवं असलं की वरची सगळी उतरवा.

कापणीत एक गोष्ट लक्षात घ्या. बाजू, तळ आणि मधली फळी, चौघांचीही खोली ३९४ आहे. म्हणजे त्यांची खोली चार वेळा मोजून चार वेळा कापायची नाही. प्लायच्या वरच्या रेषांच्या दिशेने ३९४ रुंदीची लांब पट्टी एकदाच काढायची आणि तिचे आडवे तुकडे पाडायचे. अशाने चारही तुकड्यांची खोली आपोआप सारखी येते. ती ३९३.५ आली तरी बिघडत नाही, सगळ्यांची तीच आली. शिवाय बाजूंच्या रेषा उभ्या येतात आणि तळाच्या आडव्या, जशा असायला हव्यात. ब्लेड सुमारे ३ मि.मी. लाकूड खातं, तेवढं प्रत्येक कापाला सोडा. १२२० लांबीच्या पट्टीत दोन बाजू आणि तळ बसतात, मधली फळी दुसऱ्या पट्टीतून काढा.

सर्क्युलर सॉ मोकळ्या हाताने चालवू नका. एक सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि यंत्राची प्लेट तिला घासत न्या. पट्टी रेषेपासून किती दूर ठेवायची ते एका टाकाऊ तुकड्यावर कापून मोजून घ्या, अंदाजाने नको. आणि हे पाठच करा: सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात. चांगला चेहरा खाली ठेवायचा. हातकरवतीला उलट, ती पुढे ढकलताना कापते, तेव्हा चांगला चेहरा वर. कापाच्या रेषेवर मास्किंग टेप दाबून लावली आणि रेषा पेन्सिलीऐवजी धारदार चाकूने ओढली तर चिरफळ्या आणखी कमी होतात. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. प्लायच्या बारीक भुशात गोंदाचीही धूळ असते.

तुकडे कापून झाले की प्रत्येकावर खुणा करा. कुठली बाजू डावी, कुठली उजवी, पुढची कड कुठली, आतला चेहरा कुठला. दोन्ही बाजू शेजारी ठेवून त्यांच्यावर मिळून एक मोठा त्रिकोण काढला, टोक पुढच्या कडेकडे, की पुढे कधीही नजर टाकली तरी कोण कुणाचा जोडीदार ते कळतं. ही बालवाडीची गोष्ट वाटते. मी एकदा खुणा न करता चॅनल लावत बसलो आणि दोन डाव्या बाजू तयार केल्या. त्या दिवशी उजवी बाजू नव्याने कापावी लागली, आणि तेव्हापासून त्रिकोण चुकलेला नाही.

चॅनलबद्दल. नेहमीचं बॉल-बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनल ४५ मि.मी. उंच असतं आणि एका बाजूला साधारण १२.७ मि.मी. जागा घेतं. आपल्याला ३५० लांबीचं लागेल. आतली खोली ३९४, त्यातून पेटीच्या आत बसणाऱ्या ड्रॉवरच्या तोंडाची, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या पुढच्या फळीची, जाडी १८ वजा केली तर ३७६ उरतात. ३५० चं आरामात बसतं आणि मागे हवा जायला जागा राहते.

हे चॅनल पेटी जोडण्याआधी लावा. ही एकच सूचना घेतलीत तरी तुमचा अर्धा दिवस वाचेल. पेटी उभी झाल्यावर १२० मि.मी.च्या फटीत हात घालून, मान वाकडी करून, टॉर्च दातांत धरून स्क्रू मारण्यात काही मर्दुमकी नाही. त्याऐवजी दोन्ही बाजू पुस्तक उघडावं तशा शेजारी-शेजारी पसरा, पुढच्या कडा एकमेकींना भिडवून. दोन्हींचे वरचे काठ एका ओळीत आणा. आता गुण्या (काटकोन आखायचं साधन) लावून चॅनलची रेषा दोन्ही फळ्यांवरून एकदमच ओढा. मोजताना अर्धा मिलिमीटर चुकलात तरी दोन्हीकडे सारखंच चुकाल, आणि ड्रॉवरला तेवढंच हवं असतं. चॅनलचं पुढचं टोक पुढच्या कडेपासून १९ ते २० मि.मी. आत ठेवा, कारण ड्रॉवरचं तोंड पेटीच्या आत बसणार आहे. चॅनलला गोल आणि लांबट अशी दोन्ही प्रकारची भोकं असतात. सुरुवातीला फक्त लांबट भोकांत स्क्रू घाला. सगळं जुळून आल्यावर गोल भोकांत एकेक मारून कायमचं करा.

मग जोड. बाजू बाहेरून रंगवणार असाल तर गोंद आणि स्क्रू सगळ्यात सोपं. ४ × ५० चे स्क्रू, आधी ३ मि.मी. चं भोक आणि स्क्रूचं डोकं आत बसायला भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा. आधी भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घातलात तर थर फाकतात आणि मग तिथे गोंदही काही करू शकत नाही. कोपऱ्यापासून चाळीसेक मि.मी. आत राहा. वरून पुट्टी भरून घासली की रंगाखाली काही दिसत नाही.

लाकडाचा चेहरा उघडा ठेवायचा असेल तर बाहेरून स्क्रू नकोत. तिथे ८ मि.मी. च्या लाकडी खुंट्या वापरा, प्रत्येक जोडाला तीन. बाजूच्या फळीत भोक १२ मि.मी. खोल, त्याहून जास्त नाही, नाहीतर टोक पलीकडे डोकावेल. तळाच्या कडेत २५ खोल. ३५ लांबीची खुंटी घातली की तळाशी दोन मि.मी. गोंदाला उरतात. ते लागतात, नाहीतर कोंडलेला गोंद खुंटी आत जाऊच देत नाही. ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून टेपचं शेपूट लावा. शेपटाने भुसा झाडायला सुरुवात केली की थांबायचं.

भोकं समोरासमोर जुळवणं हीच खुंट्यांची खरी कटकट. त्यासाठी धातूची टोकं मिळतात, नसतील तर जुनी युक्ती: तळाच्या कडेत खुंटीच्या जागी बारीक खिळा ठोका, पक्कडीने त्याचं डोकं उडवा, दोनच मि.मी. टोक बाहेर राहू द्या. तळ बाजूच्या फळीवर नेमका जागेवर धरून मोगरीने एक ठोका द्या. समोर टिंब उमटतं. खिळे उपटा आणि दोन्हीकडे त्या टिंबांवर भोकं पाडा. फक्त सगळं मोजमाप पुढच्या कडेपासूनच घ्या. काही पुढून, काही मागून असं केलंत की कापणीतली चूक जोडात येऊन बसते.

गोंद लावण्याआधी एकदा कोरडी जुळणी करा. सगळे क्लॅम्प लावा, घट्ट करा, कर्ण मोजा. वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे म्हणजे पेटी काटकोनात. फरक एक मि.मी. च्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णाच्या दिशेने एक क्लॅम्प तिरका लावून हलकेच आवळा, पेटी सरळ होते. फार आवळलात तर दुसरीकडे झुकते, तेव्हा पुन्हा मोजा. कोरड्या जुळणीचा दुसरा फायदा असा की कुठला क्लॅम्प कुठे जाणार हे हाताला ठाऊक होतं. पांढरा गोंद लावल्यावर तुमच्याकडे पाच-दहा मिनिटं असतात, आणि त्या दहा मिनिटांत क्लॅम्प शोधत फिरणाऱ्या माणसाइतका केविलवाणा माणूस नाही.

गोंद पातळ थरात, दोन्ही अंगांना. दाबल्यावर कडेने बारीक मणी निघाले म्हणजे पुरेसा झाला. ते मणी ओल्या फडक्याने पुसू नका. पुसलेला गोंद रेषांत मुरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिका डाग उमटतो. वीस-तीस मिनिटांनी तो रबरासारखा झाला की पटाशीने अलगद सुटून येतो. आतल्या कोपऱ्यांत आधीच मास्किंग टेप लावून ठेवली तर ती ओढली की झालं. क्लॅम्प तासभर तरी राहू द्या, आणि चोवीस तास जोडावर जोर टाकू नका.

पाठ लगेच लावा, गोंद ओला असतानाच, कर्ण पुन्हा तपासून. ६ मि.मी. ची ती मामुली फळी वाटते, पण पेटीला डावी-उजवीकडे डुलू न देणारी तीच आहे. काही जण पाठ शोभेची समजून चार बारीक खिळे मारून सोडतात, मग वर्षभरात टेबल हलायला लागतं आणि दोष जोडांना दिला जातो. सगळीकडून गोंद आणि दर १०० मि.मी. ला छोटा स्क्रू. खालच्या कप्प्यामागे चार्जरच्या पिनेसाठी ५० मि.मी. चं भोक आधीच पाडून ठेवा. ड्रॉवरमध्ये फोन चार्ज करायची कल्पना आकर्षक वाटते, पण बंद जागेत तो तापतो आणि वायर ड्रॉवरच्या मागे चेपते. उघड्या कप्प्यातच ठेवावा.

आता ड्रॉवर, आणि इथे कागद बाजूला ठेवायचा. हिशेबाने आतली रुंदी ४१४ आहे. पण उभ्या पेटीत ती पुढे, मध्ये आणि मागे प्रत्यक्ष मोजा. समजा ४१४, ४१४ आणि ४१३.५ आली. सगळ्यात कमी ती धरा. त्यातून दोन चॅनलचे २५.४ वजा करा, ३८८.१. ड्रॉवर बाहेरून ३८८ चा करा, आणि चुकायचंच असेल तर लहानाकडे चुका. ड्रॉवर अर्धा मि.मी. बारीक झाला तर चॅनलच्या मागे जाड कागदाचा तुकडा घालून भरून निघतो. अर्धा मि.मी. रुंद झाला तर चॅनलमधल्या गोळ्या दाबल्या जातात, ड्रॉवर जड चालतो, आणि रंधा मारत बसण्यावाचून इलाज राहत नाही.

ड्रॉवरसाठी १२ मि.मी. प्लाय. दोन बाजू ३५० × ९०, पुढची-मागची फळी ३६४ × ९०, बाजूंच्या मध्ये. तळ ६ मि.मी., ३८८ × ३५०, खालून गोंद आणि छोट्या स्क्रूंनी. खाच पाडून तळ आत सरकवणं देखणं असतं, पण राउटर नसताना त्यात पडू नका. हलक्या सामानाला हा तळ पुरतो, आणि काटकोनात कापलेला तळ ड्रॉवरलाही काटकोनात धरतो. तळ धरून ड्रॉवर ९६ उंच होतो. १२० च्या जागेत खाली १० आणि वर १४ मोकळे राहतात. ही वरची जागा वाया गेली असं समजू नका. माथा आतून धरायला बाजूंना लाकडी पट्ट्या लावायचा मोह होतो, आणि वीस जाडीची पट्टी लावलीत की ड्रॉवर तिच्याखाली अडकतो. मी अडकवलाय. पट्टी लावायचीच तर १२ मि.मी. पेक्षा जाड नको.

ड्रॉवरचं तोंड वेगळं करा. पुढची बाहेर दिसणारी फळी ही ड्रॉवरच्या पेटीचा भाग असता कामा नये, ती नंतर लावायची. चारही बाजूंना २ मि.मी. फट धरून ४१० × ११६. हीच तुमची सुटका आहे: आतला ड्रॉवर एखादा मि.मी. वरखाली झाला तरी तोंड तुम्ही नेमकं मध्यावर लावू शकता.

लावायची रीत सांगतो. पत्त्यांचा जुना कॅट घ्या. सहा-सात पत्ते मिळून साधारण २ मि.मी. होतात. तसे दोन गठ्ठे मधल्या फळीवर ठेवा, तोंड त्यांच्यावर उभं करा, डावी-उजवीकडे दोन गठ्ठे खोचा. तोंडाच्या मागे दुहेरी टेपचे दोन तुकडे लावलेले असू द्या. आता ते आतल्या ड्रॉवरवर दाबा, पत्ते काढून घ्या आणि ड्रॉवर हळूच बाहेर ओढा. ड्रॉवरच्या मागेही पाठीत भोक ठेवलं असेल तर तिथून आधी मागून ढकला, म्हणजे टेपवर ताण येत नाही. एक क्लॅम्प लावा आणि आतून चार स्क्रू. स्क्रूची लांबी तपासा: १२ अधिक १८ म्हणजे ३०, तेव्हा २५ चा स्क्रू. ३५ चा मारला तर तोंडाच्या ऐन मध्यावर टोक बाहेर येतं आणि मग त्यावर मूठ लावून लाज झाकावी लागते. मुठीचं भोक सगळ्यात शेवटी पाडा.

मूठ कुठली, हे मी सांगणार नाही. फक्त अंधारात पलंगावरून हात आला तर ती ओरखडणारी नसावी.

प्लायच्या कडा झाकायला इस्त्रीने चिकटणारी व्हिनियरची (पातळ लाकडी पापुद्र्याची) पट्टी पुरते. इस्त्री मध्यम गरम, मागोमाग लाकडाच्या ठोकळ्याने दाबत जायचं, थंड झाल्यावर जादा भाग पटाशीने रेषांच्या दिशेने उतरवायचा. लाकडाची ५-६ मि.मी. ची पट्टी जास्त टिकते, कोपरा आपटला तर सोलत नाही. मात्र ती लावणार असाल तर तेवढं माप फळीतून आधीच वजा केलेलं हवं.

माथा लाकडाचा करायचा असेल तर आधी सांगितलेली हालचाल आठवा. रेषा ४५० च्या दिशेने ठेवल्या तर माथा पुढे-मागे फुगणार आणि आकसणार. तो चारही बाजूंनी गोंदाने जखडला तर एक दिवस तडकतो. अगदी मजबूत गोंद असेल तर नक्कीच तडकतो, कारण लाकडाला सुटायला जागाच नाही. गोंद लावूच नका. आतून स्क्रूने धरा: पुढचे स्क्रू साध्या गोल भोकांत, घट्ट, म्हणजे पुढची कड ड्रॉवरच्या तोंडाशी कायम एका रेषेत राहील. मागचे स्क्रू पुढे-मागे लांबट केलेल्या भोकांत, वॉशर घालून, म्हणजे सगळी हालचाल भिंतीच्या बाजूला जाईल. आणि पॉलिश माथ्याच्या खालच्या अंगालाही तेवढेच हात द्या. वरून बंद आणि खालून उघडं लाकूड एकाच बाजूने हवा पितं आणि वाटीसारखं वाकतं. प्लायचा माथा असेल तर यातलं काही नको, खुंट्या आणि गोंद.

पाय ४० × ४० चे. ते पेटीच्या तळातून वरून स्क्रू मारून लावतात बरेच जण, आणि तिथेच चुकतात. स्क्रू पायाच्या डोक्यातून रेषांच्या दिशेने आत जातो. तिथे त्याला पकड नसते, टेबल चार वेळा सरकवलं की भोक सैल. पायांना वरच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी जोडून छोटी चौकट करा, प्रत्येक जोडाला दोन खुंट्या. मग पेटीच्या तळातून स्क्रू त्या आडव्या पट्ट्यांत, रेषांना काटकोनात. चौकट पेटीपेक्षा किंचित आत घेतली तर दिसायला हलकं वाटतं. फार आत मात्र घेऊ नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर असताना त्यात जड सामान असेल आणि पाय मागे दबलेले असतील तर टेबल पुढे झुकतं. घरात लहान मूल असेल तर पाठीतून भिंतीला एक पट्टी बांधाच.

घासकामात प्लायचा एक सापळा आहे. वरचा व्हिनियरचा थर बहुधा अर्ध्या मि.मी. हूनही पातळ असतो. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन जोशात घासलंत तर खालचा थर डोकावतो, आणि तो परत झाकता येत नाही. चेहऱ्याला १५० किंवा १८० पासून सुरुवात करा, २२० वर थांबा, कायम रेषांच्या दिशेने. पायांच्या लाकडाला १२० ने सुरू केलं तरी चालेल.

पलंगाशेजारच्या टेबलावर पाण्याचं आणि गरम पेयाचं भांडं येणारच. लाखेचं पॉलिश दिसायला माझं आवडतं, पण ओल्या किंवा गरम भांड्याखाली त्यावर पांढरं वर्तुळ उठतं. माथ्याला पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन द्या, तीन पातळ हात. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. घाबरू नका, सुकल्यावर ३२० ने हलकं घासा, पुढचे हात गुळगुळीत बसतात. ड्रॉवरच्या आत तेल लावू नका, बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो आणि कपड्यांना लागतो. तिथे लाखेचा एक पातळ हात उत्तम. पायांना जवसाचं तेल देणार असाल तर वापरलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा.

वेळ विचारलात, तर कापणीला एक दिवस, चॅनल आणि पेटीला एक, ड्रॉवर आणि पायांना एक, आणि पॉलिशला वाळण्याचे धरून आणखी दोन-तीन. पेटी जोडल्याच्या दिवशीच ड्रॉवर कापायची घाई करू नका. गोंद बसू द्या, दुसऱ्या दिवशी मापं पुन्हा घ्या.

सगळं झाल्यावर टेबल डुगडुगलं तर आधी ते दुसरीकडे सरकवून बघा, बहुतेक वेळा दोष जमिनीचा असतो. खरंच पाय लहान-मोठे असतील तर जो लांब वाटतो तो कापायला जाऊ नका. तो कापला की दुसरा लांब वाटतो, आणि कापत कापत टेबलाचा पाट होतो. टेबल सपाट फळीवर ठेवा, आखूड पायाखाली पत्ते घालत ते स्थिर करा. मग एका लहानशा ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तोच ठोकळा चारही पायांभोवती फिरवा. चार पायांवर जी रेषा उमटेल तिथे हातकरवतीने कापा आणि खाली फेल्टच्या चकत्या चिकटवा.